डेलिया: फुलांसाठी लागवड, खाण्यासाठी कंद – टप्प्याटप्प्याने

डेलियाचे कंद खाता येतात हे कळल्यावर दोन चुका हटकून होतात. पहिली म्हणजे रोपवाटिकेतून आणलेला कंद तसाच सोलून शिजवला जातो. दुसरी हंगामाच्या शेवटी होते. कुंडी उलटी केल्यावर निघालेला गड्डा एक तर पूर्ण खाल्ला जातो आणि पुढच्या वर्षीसाठी काही उरत नाही, किंवा पूर्ण जपून ठेवला जातो आणि त्यातले निम्मे कंद पावसाळ्यात कधीच फुटत नाहीत. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. आपण डेलियाचा कंद बटाट्यासारखा समजतो. बटाट्याच्या सर्व अंगाला डोळे असतात. डेलियाच्या कंदाला स्वतःच्या अंगावर एकही डोळा नसतो. सगळे डोळे कंदाची मान जिथे खोडाला मिळते त्या बुंध्यावर असतात. म्हणून मान मोडलेला कंद कितीही टपोरा असला तरी त्यातून रोप येत नाही, मात्र तो खाण्यासाठी अगदी योग्य असतो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर फुले आणि भाजी या दोहोंची सोय एकाच झाडावर होते.

खालील वेळापत्रक पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर अशा पठारी भागासाठी आहे. कोकणात आणि गोव्यात हेच महिने चालतात, पण लागवड कुंडीतच करावी, कारण तिथल्या पावसात जमिनीतला कंद टिकत नाही. ज्या देशांत बर्फ पडतो तिथल्या वाचकांनी क्रम हाच ठेवावा आणि महिने बदलावेत: शेवटचे हिमतुषार संपल्यावर लागवड आणि शरदातल्या पहिल्या हिमतुषाराने झाड काळवंडल्यावर काढणी.

टप्पा 1: कंद कोणाचा आहे याची खात्री

हा टप्पा वगळू नये. बागेत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या कंदवर्गीय झाडांपैकी बरीच विषारी आहेत. कळलावीचा कंद जिभेवर ठेवण्याच्याही योग्यतेचा नाही. त्यात कोल्चिसीन हे विष असते, आणि तो रताळे किंवा कोनफळासारखा एखादा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. बागेतल्या निरनिराळ्या लिलींचे कांदेही विषारी असतात. म्हणून नियम असा ठेवावा, की ज्या झाडाचे फूल आपण स्वतः पाहिले आहे आणि जे झाड आपण स्वतः वाढवले आहे, त्याचाच कंद स्वयंपाकघरात जाईल. पिशवीत एकत्र आलेले, भेट मिळालेले किंवा कुंडीतली पाटी हरवलेले कंद या वर्षी फक्त लावावेत.

सावधान: डेलिया सूर्यफुलाच्या कुळातला आहे. गाजरगवताच्या किंवा शेवंतीच्या संपर्काने ज्यांना पुरळ येते, त्यांनी डेलियाची पाने हाताळताना हातमोजे घालावेत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंद खाऊ नयेत. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर सोललेल्या साली आणि तोडलेली पाने त्यांच्या तोंडी लागतील अशी टाकू नयेत. त्यांना त्यांचा त्रास होतो.

टप्पा 2: लागवडीचे साहित्य निवडणे

विकत मिळणाऱ्या कंदांवर साठवणीत बुरशी येऊ नये म्हणून बहुधा बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते. पाण्याने धुऊन किंवा साल काढून ती पूर्ण जाते असे गृहीत धरू नये. विकतचा कंद हे फक्त बियाणे समजावे, आणि त्यापासून आपल्या मातीत जे नवे कंद तयार होतील तेवढेच खाण्यासाठी धरावेत.

याहून चांगला मार्ग छाटांचा आहे. कंदाला फुटलेल्या कोंबाची छाट लावून रोप केले, तर हंगामाच्या शेवटी त्या रोपाच्या मुळाशी असलेला प्रत्येक कंद नवा आणि कोवळा असतो. कंदच लावला, तर जुना कंद नव्यांच्या मधोमध तसाच राहतो आणि काढणीच्या वेळी ओळखून वेगळा काढावा लागतो. बियांपासूनही रोपे होतात आणि ती स्वस्त पडतात. परंतु बियांच्या प्रत्येक रोपाचे फूल वेगळे निघते, तशीच कंदाची चवही वेगळी निघते.

कंद घेताना आकाराला भुलू नये. विक्रेत्याकडे बोटाएवढा, पण मान शाबूत आणि बुंध्याचा तुकडा चिकटलेला कंद असेल, तर तो मुठीएवढ्या मानतुटक्या कंदापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. मान दोन बोटांत धरून अगदी हलकेच वाकवावी. ती ताठ राहिली तर कंद घ्यावा. बिजागरीसारखी दुमडली तर आतली शीर तुटलेली असते. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात निरनिराळ्या वाणांची फुले प्रत्यक्ष पाहायला मिळतात, आणि पुढच्या वर्षीचे वाण ठरवायला ती वेळ चांगली असते.

टप्पा 3: जून ते सप्टेंबर – कंद जागे करणे आणि छाटा घेणे

जून-जुलैत हवा थोडी निवली, की साठवणीतल्या कंदांच्या बुंध्यावर डोळे फुगू लागतात. त्या वेळी कंद पसरट कुंडीत, वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सम प्रमाणात घेऊन, बुंधा उघडा राहील असे आडवे मांडावेत. कुंडी छपराखाली, उजेडाच्या जागी ठेवावी. पावसाचे पाणी तिच्यात पडता कामा नये. हे मिश्रण हाताला जेमतेम ओलसर लागेल एवढेच पाणी शिंपडावे. या टप्प्यावर कंदाला मुळे नसतात, त्यामुळे जास्तीचे पाणी तो घेऊ शकत नाही आणि आतून सडतो. माझ्या पहिल्या वर्षीचे जवळजवळ सगळे कंद मी रोज मनापासून पाणी घालून असेच घालवले.

कोंब 7 ते 10 सेंटिमीटर झाले आणि त्यांना पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या, की ऑगस्टच्या अखेरीपासून छाटा घ्याव्यात. धारदार पात्याने पेराच्या लगेच खाली काप द्यावा. खालची पानांची जोडी काढून ते पेर वाळूत पुरावे. पेर जमिनीखाली जाणे महत्त्वाचे आहे, कारण त्या पेराच्या बगलेतच पुढच्या वर्षीचे डोळे तयार होतात. दोन पेरांच्या मधोमध कापलेल्या छाटेला मुळे फुटतात, फुले येतात, कंदही धरतात, पण तो गड्डा पुढच्या हंगामात आंधळा निघण्याची शक्यता असते.

छाटांना दोन ते तीन आठवड्यांत मुळे फुटतात. तोवर त्यांना सावली आणि दमट हवा लागते. प्लॅस्टिकची बाटली अर्धी कापून छाटेवर पालथी घालावी आणि रोज थोडा वेळ काढून ठेवावी. नवे पान आले, की रोपाला हळूहळू सकाळच्या उन्हाची सवय करावी.

तपासा: छाट ओढून पाहू नये. कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळे डोकावली, की रोप तयार झाले.

टप्पा 4: माती आणि कुंडी

कंद भरायला भुसभुशीत, पाणी झरझर उतरणारी माती लागते. दोन भाग लाल पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू हे मिश्रण मला सर्वांत भरवशाचे वाटते. 12 ते 14 इंचांच्या प्रत्येक कुंडीत दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांचा चुरा मिसळावा. नुसत्या काळ्या मातीत लावू नये. ती पाणी धरून ठेवते, आणि वाळली की आवळते, त्यामुळे कंद वेडेवाकडे होतात व काढताना मोडतात. जमिनीत लावायचे असेल तर वीतभर उंच वाफा करावा आणि दोन रोपांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर ठेवावे.

खाण्याचे कंद घ्यायचे असतील तर ताजे शेण, युरिया किंवा नत्र जास्त असलेले कोणतेही खत टाळावे. नत्राने झाड हिरवेगार दिसते, मात्र कंद पाणचट होतात आणि साठवणीत लवकर सडतात.

टप्पा 5: ऑक्टोबर – लागवड

पाऊस मागे हटल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लागवड करावी. उशीर करण्यात तोटा आहे. दिवस 12 तासांपेक्षा लहान झाला, की डेलिया अन्न कंदांत साठवू लागतो, आणि आपल्याकडे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासूनच दिवस तसे होतात. झाडाला पाने धरायला पुरेसा अवधी मिळाला नाही, तर ते लहान राहते आणि कंद करंगळीएवढे होतात.

आधाराची काठी आधी रोवावी, मग रोप लावावे. हा क्रम उलटा झाला तर महिनाभराने रोवलेली काठी थेट कंदात घुसते आणि तिथून सड सुरू होते. छाटेचे रोप कुंडीत होते त्याहून एक पेर खोल लावावे. कंदच लावायचा असेल तर तो 10 ते 15 सेंटिमीटर खोल, आडवा, डोळा वरच्या बाजूला येईल असा ठेवून मातीने झाकावा. मातीत मुळातच ओल असेल तर कोंब वर दिसेपर्यंत पाणी घालू नये.

टप्पा 6: नोव्हेंबर ते फेब्रुवारी – निगा

पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या, की शेंडा खुडावा. पहिल्यांदा हे करताना जिवावर येते, पण खुडलेल्या झाडाला फांद्या जास्त फुटतात, पाने वाढतात आणि कंद भरणारे अन्न पानांतच तयार होते. निदान 6 तास ऊन मिळावे. पाणी आठवड्यातून दोन-तीनदा, पण खोलवर द्यावे. कुंडीची वरची माती बोटाच्या पेराएवढी वाळली, की पाण्याची वेळ झाली. कळ्या दिसू लागल्यावर दर पंधरा दिवसांनी मूठभर लाकडाची राख किंवा केळ्याच्या सालींचे खत द्यावे. मोठी फुले हवी असतील तर मधली कळी ठेवून बाजूच्या दोन खुडाव्यात. सुकलेली फुले लगेच काढावीत, म्हणजे झाड बी धरण्यात शक्ती घालवणार नाही.

कीड आली की खरी कसोटी लागते. मावा, फुलकिडे, लाल कोळी आणि पानांवरची भुरी या चारही गोष्टी आपल्या हिवाळ्यात येतातच. आंतरप्रवाही कीटकनाशक झाडाच्या रसात उतरते. ते एकदा मारले, तर त्या झाडाचे कंद त्या वर्षी खाण्याच्या यादीतून काढून टाकावेत, आणि विसरू नये म्हणून काठीला लाल चिंधी बांधावी. खाण्याच्या झाडांवर निंबोळी तेल थोड्या साबणपाण्यात फेसाळून संध्याकाळी फवारावे, आणि लाल कोळ्यासाठी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी. पानांवर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची नक्षी उमटून झाड खुजे राहिले, तर तो विषाणू असण्याची शक्यता मोठी असते. असे झाड गड्ड्यासकट उपटून टाकावे. त्याच्या छाटा घेऊ नयेत, आणि त्याला लावलेली कात्री न धुता दुसऱ्या झाडाला लावू नये.

टप्पा 7: मार्च – काढणी

फुले संपून खालची पाने पिवळी पडू लागली, की पाणी कमी करत न्यावे. दोन आठवड्यांनी खोड जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर ठेवून कापावे. लगेच खणू नये. कापल्यानंतर आठ-दहा दिवस गड्डा मातीतच राहू द्यावा, म्हणजे बुंध्यावरचे झोपलेले डोळे फुगून नजरेला दिसू लागतात. डेलियाचे खोड आतून पोकळ असते आणि त्यात पाणी साचले तर ते थेट बुंध्यात उतरते. म्हणून कापलेल्या टोकावर प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा.

खणताना खोडापासून 25 ते 30 सेंटिमीटर अंतरावर चारही बाजूंनी माती सैल करावी, आणि मग खालून हात घालून गड्डा दोन्ही तळव्यांवर उचलावा. खोड धरून ओढले, की माना तुटतातच. कुंडी असेल तर ती आडवी करून माती बाहेर घसरू द्यावी. नंतर माती पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन, पोकळ खोडातले पाणी निथळावे यासाठी गड्डा अर्धा दिवस सावलीत उलटा ठेवावा.

तपासा: बारीक मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या तर ते कोवळे कंद नव्हेत. त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठी असतात. असा गड्डा जपू नये आणि ती माती पुन्हा डेलियासाठी वापरू नये.

टप्पा 8: गड्डा फोडणे – तीन ढीग

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, तेव्हा हे काम निवांत वेळी, भरपूर उजेडात करावे. जमिनीवर वर्तमानपत्र पसरावे. धारदार सुरी, जुना टूथब्रश आणि पाट्या लिहायला पेन्सिल जवळ घ्यावी. शाई ओलीने पुसली जाते, पेन्सिल राहते.

आधी बुंधा ब्रशने स्वच्छ करावा. खोड आणि कंदांच्या माना जिथे मिळतात त्या कड्यावर नीट पाहिले, तर ज्वारीच्या दाण्याएवढे, किंचित गुलाबी किंवा हिरवट उंचवटे दिसतात. तेच डोळे. पहिल्या एक-दोन गड्ड्यांत ते सापडत नाहीत. तिसऱ्या गड्ड्यापासून नजर बसते. दिसेनासे झाले तर गड्डा दमट वाळूत आठवडाभर ठेवून पुन्हा पाहावे. डोळे ओळखल्यावर बुंध्याचे असे तुकडे करावेत, की प्रत्येक तुकड्यावर निदान एक डोळा आणि त्याला जोडलेला शाबूत मानेचा निदान एक कंद असेल.

आता तीन ढीग करावेत. पहिल्यात डोळा असलेले, शाबूत मानेचे कंद जातील, हे बियाणे. दुसऱ्यात मान मोडलेले, डोळा नसलेले, पण घट्ट आणि निरोगी कंद जातील, हे स्वयंपाकघराचे. तिसऱ्यात जुना लाकडासारखा कंद, मऊ पडलेले, काळे डाग असलेले आणि लाल चिंधीच्या झाडाचे मानतुटके कंद जातील. यांतले रोगट ते कचऱ्यात, बाकीचे खतात. एका बऱ्या गड्ड्यातून बियाण्याला दोन-चार तुकडे निघतात आणि उरलेले बहुतेक कंद दुसऱ्या ढिगात येतात.

सावधान: ढीग झाल्यावरच बियाण्याच्या कापांना गंधकाची भुकटी किंवा राख लावावी. गंधकाचा हात खाण्याच्या ढिगाला लागता कामा नये.

टप्पा 9: बियाण्याची साठवण

आपला उन्हाळा हा डेलियाचा खरा शत्रू आहे. बियाण्याचे कंद एक दिवस सावलीत सुकवावेत; उन्हात ठेवू नयेत. मातीच्या माठात कोरड्या वाळूचा थर, त्यावर एकमेकांना न टेकणारे कंद, पुन्हा वाळू असे थर लावून माठ घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावा. दर पंधरा दिवसांनी उघडून पाहावे. सुरकुतलेले दिसले तर वाळूवर हलका शिडकावा करावा. मऊ लागले तर तो भाग कापून राख लावावी किंवा कंद टाकून द्यावा. विदर्भ-मराठवाड्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या भागात थोडे निवडक कंद छिद्रे पाडलेल्या पिशवीत, ओलसर कोकोपीटमध्ये, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून पाहावेत. मात्र शेजारी फळे ठेवू नयेत.

टप्पा 10: स्वयंपाकघरात

दुसऱ्या ढिगातले कंद धुऊन, पुसून आठवडा-दोन आठवडे कोरड्या टोपलीत ठेवले तर ते थोडे गोडसर होतात. डेलिया आपले अन्न बटाट्यासारखे स्टार्चच्या रूपात साठवत नाही, इन्युलिन नावाच्या कर्बोदकाच्या रूपात साठवतो, आणि ठेवणीत त्यातल्या थोड्या भागाची साखर होते. याच कारणाने कंद शिजल्यावर बटाट्यासारखा पिठूळ होत नाही. बऱ्याच वाणांत तो किंचित कुरकुरीतच राहतो. तो मऊ होण्याची वाट पाहत शिजवत बसल्यास चव निघून जाते.

साल कडवट असते, ती जाडसर काढावी. मानेकडचा तंतुमय भाग आणि मधली शीर कडक असेल तर तीही काढावी. सोललेला कंद लगेच काळा पडतो, म्हणून फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकाव्यात. एक काप वाफवून चाखावा. कडू लागला तर त्या झाडाचे कंद सोडून द्यावेत. मसाला घालून कडूपणा झाकू नये. चांगल्या वाणांची चव मुळा आणि गाजर यांच्या मधली, सौम्य असते.

माझ्या घरी काचऱ्याच सर्वांत जास्त होतात. पातळ काप उकळत्या मिठाच्या पाण्यात 5 मिनिटे ठेवून ते पाणी टाकून द्यावे. कढईत तेलावर मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता घालून काप परतावेत, वरून हळद, तिखट, मीठ आणि थोडे दाण्याचे कूट घालून झाकण न ठेवता कडा तांबूस होईतो भाजावेत. किसून, पिळून थालीपिठाच्या भाजणीतही कंद घालता येतो. पिळला नाही तर थालीपीठ थापताना फुटते, कारण कंदाला पाणी फार सुटते.

सावधान: इन्युलिन आपल्या आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. पहिल्या दिवशी दोन-तीन कापांपलीकडे जाऊ नये. दुसऱ्या दिवशी पोट ठीक असेल तर पुढच्या वेळी वाटीभर भाजी घ्यावी. ज्यांचे पोट मुळातच नाजूक आहे त्यांनी आणि लहान मुलांनी फार बेताने खावे. मधुमेहावरचे औषध म्हणून हे कंद खाऊ नयेत, आणि त्यासाठी गोळ्या बंद तर मुळीच करू नयेत.

चव चाखून झाल्यावर लगेच माठाकडे जावे. तिथल्या पाटीवर फुलाचा रंग आणि झाडाची उंची आधीच लिहिलेली असेल. तिच्याखाली पेन्सिलीने एक ओळ वाढवावी: गोडसर, पाणचट, कडू, तंतुमय, जे असेल ते. ऑगस्टच्या अखेरीस छाटा घ्यायला बसाल तेव्हा कोणत्या झाडाच्या दहा छाटा करायच्या आणि कोणत्याची फुलापुरती एक, हे ती ओळ सांगेल.